उभं राहायचा नियम

नव्या इमारतीला नाव नाही. बाकी सगळ्यांना आहे. सायकलींच्या शेडलासुद्धा कुठल्याशा दिवंगत दात्याचं नाव ठोकलंय. पण ही सहा मजली, काचेची, लिफ्टमध्ये गाणी वाजवणारी इमारत नुसतीच ‘डी ब्लॉक’. दरवर्षी नवीन पोरं मेसमध्ये विचारतात, “मावशी, हिचंच नाव का नाही ठेवलं?” मी म्हणते, जेव आधी, गार होतंय. एका ताटात संपेल अशी ती गोष्ट नाही, आणि भरल्या तोंडानं ऐकावी अशीही नाही.

मी इथली स्वयंपाकीण. हयात गेली माझी या मेसच्या शेगडीपुढे. प्राध्यापकांना वाटतं मला पुस्तकातलं कळत नाही, मला वाटतं त्यांना मिठातलं कळत नाही, तेव्हा आमचं बरं चालतं.

विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात पहिलंच पान इतिहासाचं आहे. गुळगुळीत कागद, वर चर्चपुढे उभ्या मंडळींचा फोटो, खाली लिहिलंय की एका द्रष्ट्या पाळकांनी लावलेल्या रोपट्याचा आज वृक्ष झाला. द्रष्टे कसले हो! आमच्या चर्चचे पाळक म्हणजे देवमाणूस, पण चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारे. रोप लावलं माझ्या ताईनं. माझी सख्खी थोरली बहीण. सगळं गाव तिला मोठ्या बाई म्हणायचं, आणि त्या गुळगुळीत पानावर तिचं नाव फोटोखालच्या बारीक अक्षरात आहे, ‘डावीकडून तिसऱ्या’.

ताई चर्चच्या शाळेत शिकवायची. शाळा संपली की हुशार हुशार मुली घरी बसायच्या, कुणाच्या तरी घरची भांडी घासायला लागायच्या. तिला ते बघवेना. तिनं पाळकांच्या मागे धोशा लावला की या मुलींना शिक्षिका व्हायला शिकवू, मला फक्त एक भिंत द्या फळा लावायला. चर्चमध्ये खिडकी नसलेली भिंत एकच, मागची. म्हणून सोमवारी सकाळी मुली सगळे बाक उचलून उलटे फिरवायच्या आणि शनिवारी संध्याकाळी पुन्हा वेदीकडे तोंड करून ठेवायच्या. आमचे वडील कुरकुरायचे, “देवाकडे पाठ करून बसतात कार्ट्या.” ताई म्हणायची, “देवाला फळा नीट दिसतो ना, मग झालं.” हा तो वर्ग. यातूनच पुढे कॉलेज झालं आणि कॉलेजातून विद्यापीठ.

वर्ग चालवायला सात जणांचं मंडळ केलं. पाळक, त्यांची बायको म्हणजे आमच्या पाळकबाई, ताई, एक डॉक्टर, एक वकील आणि चर्चमधली दोन वडीलधारी माणसं. बैठक व्हायची चर्चच्या मागच्या खोलीत. मी तेव्हा परकरी पोर होते, चहा द्यायला जायचे आणि कोपऱ्यात रेंगाळायचे. कुणी हाकलत नसे.

या मंडळात मतं मोजत नाहीत. पहिल्यापासून नाहीत, अजूनही नाहीत. विषय मांडायचा, बोलायचं ते बोलून घ्यायचं, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. प्रभूची प्रार्थना मनात एकदा म्हणून होईल एवढा वेळ. ज्याला विषय पटत नाही त्यानं त्या शांततेत उभं राहायचं. कारण द्यायचं नाही, हात हलवायचा नाही, नुसतं उभं राहायचं. एक जण जरी उभा असला तरी अध्यक्ष म्हणणार, “कुणीतरी उभं आहे, विषय मागे.” नसला तर म्हणणार, “कुणी उभं नाही, आमेन.” खेळ खल्लास. पुढे त्यावर चकार शब्द नाही.

सुरुवातीला हे सगळं उघड्या डोळ्यांनी चालायचं. मग एकदा असं झालं की मुलींच्या वसतिगृहासाठी ओढ्याकाठचं एक घर फुकट मिळत होतं. चर्चमधल्याच एका बड्या माणसाचं. पाळकबाईंच्या मनातून ते नव्हतं. “विहीर आणि संडास एकमेकांच्या उरावर आहेत गं,” त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या होत्या. शांततेत त्या उभ्या राहिल्या. पाळकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग बाकीच्यांनीही पाहिलं. पाळकबाई खाली बसल्या. कुणी उभं नाही, आमेन.

वर्ष फिरायच्या आत तापाची साथ आली. वसतिगृहातल्या दोन मुली गेल्या, आणि मुलींचे कपडे धुणारी बाई गेली. त्या बाईच्या मागे एक मुलगा राहिला. हाडं आणि डोळे, बाकी काही नाही त्याच्यात.

पुढच्या बैठकीत ताई बोलली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. “आजपासून सगळ्यांनी डोळे मिटायचे. अध्यक्षांनीसुद्धा. त्यांची प्रार्थना म्हणून झाली की त्यांनी एकट्यानं डोळे उघडायचे, बघायचं आणि सांगायचं. कोण उभं होतं ते त्यांनी कुणाला सांगायचं नाही, आपण विचारायचं नाही. इथे पुन्हा कुणाला नजरेनं खाली बसवायचं नाही.” पाळक रडले त्या दिवशी. नियम झाला.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की सगळं एका माणसाच्या खरेपणावर टांगलेलं. अध्यक्ष खोटं बोलला तर? पण ताईच्या हे मनातही आलं नाही. तिला वाटायचं, सगळी माणसं आपल्यासारखीच असतात. एवढी शिकलेली बाई, पण या बाबतीत अगदी भोळी सांब.

कपडेवालीच्या त्या मुलाला ताईनं घरी आणलं. घरी म्हणजे, तोवर चर्चच्या आवारात वर्गासाठी इमारत उभी राहिली होती, दगडी, दोन मजली, आणि तिच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला दोन खोल्या ताईच्या आणि माझ्या. आम्ही दोघींनी लग्नं केली नाहीत. तिला वेळ नव्हता आणि मला जो हवा होता त्याला दुसरी हवी होती. असो. मुलगा बारीक, उंच, सतत पेन्सिलीचं टोक चावत बसायचा, म्हणून मीच त्याचं नाव ठेवलं पेन्सिल. ते चिकटलं ते चिकटलंच. ताई त्याला पाढे शिकवायची. सतराच्या पाढ्यात तो हमखास अडायचा. मग तो घाबरून ताईकडे बघायचा आणि ताई काही न बोलता त्याच्याकडे बघत राहायची, थांबायची, तो बोलेपर्यंत. कधी ओरडली नाही त्याला. मी ओरडायचे. मी लाटणंही उगारायचे.

वर्गाचं कॉलेज झालं. आधी नुसत्या मुली होत्या, मग मुलगे आले. इतिहास आला, गणित आलं, मग कॉम्प्युटर आले आणि ते ठेवायला गार हवेची खोली आली, जिथे माणसांना जायची बंदी. बाहेरच्या चर्चेसनी देणग्या दिल्या. पाळक गेले, पाळकबाई गेल्या. पेन्सिल ताईच्या शब्दावर बाहेर शिकायला गेला आणि डॉक्टर होऊन परत आला, सुई टोचणारा नव्हे, पुस्तकांचा. आधी शिकवायला लागला, मग रजिस्ट्रार झाला. कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो त्याच्याच खटपटीनं, खोटं कशाला बोलू? तोच पहिला कुलगुरू झाला आणि मंडळाचा अध्यक्षही. त्याला तो झगा चढवला तेव्हा ताई पहिल्या रांगेत बसून लहान मुलीसारखी रडली. मी त्याला म्हटलं, “पेन्सिल गेली रे, नुसता खोडरबर उरला,” तर पोट धरून हसला. तेव्हा तरी हसला.

मग मोठं फाटक आलं, फाटकावर शिपाई आला, पुढे कारंजं आलं. कारंजं दिवसभर उडायचं आणि मेसच्या नळाला दुपारी तीननंतर पाणी नसायचं. बैठका काचेच्या दाराच्या हॉलमध्ये व्हायला लागल्या. मंडळात कारखानदार आले, एक बँकवाला आला, अध्यक्षांच्या उजव्या हाताला बिशप आले. चर्चची पहिली परंपरा म्हणून उभं राहायचा नियम तेवढा त्यांनी ठेवला. पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. आणि ताईचा शिक्षिकांचा वर्ग दगडी इमारतीत चालू होता, तस्साच. फी नाममात्र, मुली लांबलांबून यायच्या, कुणाच्या पायात चप्पल नसायची. माहितीपुस्तकात त्यांचा फोटो कधी आला नाही.

ताईला अर्धांगाचा झटका आला तो फळ्यापुढेच. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण डोकं लख्ख. आजीव सभासद म्हणून तिची खुर्ची मंडळात होती. मी तिला चाकांच्या खुर्चीतून न्यायचे, टेबलाशी तिच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसवायचे आणि बाहेर काचेच्या दाराशी उभी राहायचे. सभासदाशिवाय आत कुणी थांबायचं नाही, हा नवा नियम होता.

आणि मग तो विषय आला. शिक्षिकांचा वर्ग बंद करायचा, कारण तो ‘विद्यापीठाच्या प्रतिमेशी सुसंगत’ नाही. दगडी इमारत पाडायची. तिथे व्यवस्थापन शाखेसाठी सहा मजले बांधायचे. आमच्या दोन खोल्यांच्या बदल्यात ताईला आजारी पाळकांच्या आश्रमात एक पलंग मिळणार होता. माझं काय, ते लिहायला जागा उरली नसावी.

ताईनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, शब्द ओढत ओढत, “खोल्यांचं... काही नाही गं. वर्ग... नाही बंद होऊ द्यायचा.”

“मग बोल बैठकीत.”

“बोलून... काय? उभी राहते.”

उभी राहते! जिला मी कुशीवर वळवत होते ती.

मी तडक पेन्सिलच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या मुलीनं विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? म्हटलं, याचं नाक पुसलंय मी, ही माझी अपॉइंटमेंट. आत गेले. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, सगळं रीतसर.

“त्या विषयाला ताईचा विरोध आहे,” मी म्हटलं. “तिला उभं राहता येत नाही हे तुला दिसतंय. तिनं हात वर केला तर चालेल असं कर.”

तो जरा वेळ टेबलावरची काच पुसत राहिला. मग गोड बोलला, “मावशी, नियम बाईंचाच आहे. त्यांच्या नियमाला मी कोण हात लावणार?”

“तू अध्यक्ष आहेस.”

“म्हणून तर. बाईंना विचारा. त्या स्वतः हो म्हणाल्या तर मी आज बदलतो.”

त्याला ताई ठाऊक होती. घरी येऊन मी तिला विचारलं तर तिनं नाही म्हणून मान हलवली. “आज आजाऱ्यासाठी... वाकवला, की उद्या... आळशासाठी वाकवतील. उभं म्हणजे उभं.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, अगं, नियम माणसांसाठी की माणसं नियमासाठी? तर हसली, तोंडाची एकच बाजू वर गेली. “प्रार्थना... म्हण मोठ्यानं.”

रोज दुपारी, मेसची भांडी निघाली की आम्ही सराव करायचो. ती लाकडी खुर्चीत, पुढे टेबल. उजव्या हातानं टेबलाची कड धरायची, उजव्या पायावर सगळा भार टाकायची आणि वर यायची. मी मागे दोन्ही हात पसरून, पण लावायचे नाहीत. “हात... नको.” मी मोठ्यानं प्रार्थना म्हणायचे, आधी देवाचं नाव, मग रोजची भाकरी, मग क्षमा, शेवटी आमेन. पहिल्या दिवशी ती देवाच्या नावापर्यंतही टिकली नाही, धपकन बसली. मग हळूहळू भाकरीच्या ओळीपर्यंत. मग क्षमेच्या ओळीपर्यंत. घामानं निथळायची, पाय लटपट कापायचा, ओठ दातांखाली. मी क्षमेची ओळ घाईघाईनं म्हणून टाकायचे तर मला थांबवायची. “नीट म्हण. तो... नीट म्हणतो. मीच शिकवलीय.”

बैठकीच्या आदल्या दिवशी ती आमेनपर्यंत उभी राहिली. पूर्ण. मग बसली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मी शिरा केला असता, पण तिला घट्ट काही गिळता येत नव्हतं, म्हणून दूध पाजलं.

बैठकीचा दिवस. मी तिचे केस विंचरले, स्वच्छ कपडे घातले, तिच्या जुन्या खुर्चीत बसवलं आणि बाहेर आले. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. बँकवाल्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. ताईला विचारलं, काही बोलायचंय का? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग पेन्सिल म्हणाला, आपल्या परंपरेप्रमाणे, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मीही बाहेर मनात प्रार्थना सुरू केली, पण डोळे कसले मिटतेय!

ताईचा उजवा हात टेबलाच्या कडेवर आला. बोटं पांढरी झाली. खांदा हलला. आणि ती उठली. देवा शपथ सांगते, ती उठली. सरळ. सरावात कधी इतकी सरळ उभी राहिली नव्हती. मी काचेला हात लावला. माझी भाकरीची ओळ झाली, क्षमेची झाली, शेवट आला. आता तो डोळे उघडेल, बघेल, म्हणेल.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते.

तो ताईकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत होती. बाकी सगळे माना खाली घालून. माझी प्रार्थना संपली होती. मला वाटलं, मी घाईत म्हटली असेल, म्हणून पुन्हा म्हटली, सावकाश, ताईला आवडते तशी. तीही संपली. तो गप्प. ताईचा पाय कापायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तो वाट बघत होता. अगं बाई गं, तो वाट बघत होता! तिचा गुडघा मोडला, हात कडेवरून सुटला, आणि ती खुर्चीत पडली. खुर्ची करकरली. मंडळातल्या दोघा-तिघांच्या पापण्या हलल्या, पण नियम म्हणजे नियम, डोळे कुणी उघडले नाहीत.

“कुणी उभं नाही,” पेन्सिल म्हणाला, “आमेन.”

मी दार ढकलून आत गेले. “ती उभी होती! मी पाहिलं! यानं पाहिलं!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं कुत्रं आत शिरल्यावर बघतात. बिशप मऊ आवाजात म्हणाले, “बाई, आमचे डोळे मिटलेले होते. आम्ही कुणीच काही पाहिलेलं नाही.” पेन्सिल म्हणाला, “मावशी, तुम्ही दमलात. चहा सांगू का?” मी त्याच्या अंगावरच जायची, पण ताईनं माझा हात धरला.

“गप्प... बस,” ती मला म्हणाली. मला! “आमेनला... मी बसलेली होते. चल.”

घरी तिला पलंगावर निजवलं. माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. कृतघ्न, साप, अस्तनीतला निखारा, सुचेल ते बोलत होते. “तो बघत होता ताई. डोळे उघडून बघत होता तुझ्याकडे.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मी पण. डोळे मिटले की... तोल जातो माझा.”

मी तिच्या उशाशी बसले.

“मला वाटलं... अडलाय. पाढ्यात अडायचा, तसा. म्हणून बघत होते... त्याच्याकडे. धीर यावा म्हणून.” तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानात गेलं. “मी त्याला... धीर देत होते गं.”

मी ढसाढसा रडले.

वर्ग बंद झाला. शेवटच्या तुकडीतल्या मुली आपल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन भेटायला आल्या. एकेकीनं ताईचा हात हातात घेतला आणि ताईनं प्रत्येकीला काही सांगायचा प्रयत्न केला, पण झटक्यानंतर पहिल्यांदाच तिचे शब्द अजिबात उमटले नाहीत. फळे काढले. भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन राहिले. आश्रमाची गाडी ज्या आठवड्यात यायची होती त्या आठवड्यात ताई गेली, आमच्याच खोलीत, सकाळी, मी कांदा चिरत असताना. तिला जायचं नव्हतं तिकडे. नाही गेली.

तिचा अंत्यविधी चर्चमध्ये केला, जुन्या चर्चमध्ये, बाक वेदीकडे तोंड करून. तोबा गर्दी. विद्यापीठाला सुट्टी दिलेली. जुन्या मुली कुठून कुठून आल्या होत्या, केस पिकलेल्या, आपापल्या शाळांमधून मुख्याध्यापिका झालेल्या. मंडळ पहिल्या रांगेत, बिशप मध्ये. मला बाजूच्या बाकावर बसवलं होतं, शवपेटीजवळ.

पेन्सिल बोलायला उभा राहिला. झगा घालून. काय सुंदर बोलला! आईविना पोराला तिनं कसं वाढवलं, सतराचा पाढा कसा शिकवला, तेही सांगितलं. लोक हुंदके देत होते. बोलता बोलता त्याचाही आवाज फुटला, आणि ते ढोंग नव्हतं, हेच तर मला अजून पचत नाही. खरंच रडत होता तो.

मग डोळे पुसून म्हणाला, “बाईंच्या दगडी इमारतीच्या जागी आपण जी नवी इमारत बांधत आहोत, तिला बाईंचं नाव द्यावं असा विषय मी मांडतो. आणि बाईंनीच घालून दिलेल्या रीतीनं आपण तो मान्य करू. आज मंडळ आणि बाहेरचे असा भेद नको. आज या चर्चमध्ये बसलेला प्रत्येक जण सभासद आहे. डोळे मिटू या.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जी इमारत उठू नये म्हणून ती कापत्या पायावर उठली, तिच्यावर तिचं नाव! वर सोनेरी अक्षरांत, आणि खाली तिचा वर्ग गाडलेला! पुढच्या पिढ्या म्हणणार, बाईंच्या इच्छेनं झालं हो सगळं.

सगळ्या माना खाली गेल्या. मी उभी राहिले.

त्यानं मला पाहिलं. लगेच पाहिलं, कारण त्याचे डोळे मिटलेलेच नव्हते. तेव्हा मला कळलं की हा कधीच मिटत नसणार. कुणास ठाऊक, आजवर किती जण असे उभे राहून दमून खाली बसले असतील.

मी मनात प्रार्थना म्हटली. संपली. तो गप्प. मी त्याच्याकडे बघत होते. ताईसारखं नाही, धीर द्यायला नाही. त्यानं हनुवटी किंचित खाली केली, बस, म्हणून. मी मेसमध्ये पोरांना करते तशी. मी हलले नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं असेल, म्हातारी आहे, किती वेळ उभी राहील? अरे, जन्मभर शेगडीपुढे उभी आहे मी. तुझ्यासाठी उभी राहून रांधलंय. वाट बघ लेका, हवी तितकी बघ.

कुठेतरी कुणी खोकलं. लोक चुळबुळायला लागले, पण डोळे कुणी उघडेना, इतकी ताईची शिस्त त्यांच्या हाडात. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला. आणि त्याची नजर माझ्यावरून निघून बाजाच्या पेटीकडे गेली. आमेन झालं की पेटी वाजणार, पेटी वाजली की अख्खं चर्च गाण्यासाठी उभं राहणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या उभ्या गर्दीत मी आधीपासून उभी होते हे कुणाला कळणार होतं?

त्या शांततेत आजवर कुणी बोललेलं नाही. ताईसुद्धा नाही. मी तिच्या शवपेटीवर हात ठेवला. मनात म्हटलं, ताई, तुझा नियम मोडतेय, रागाव हवं तर.

“डोळे उघडा,” मी मोठ्यानं म्हणाले आणि पेन्सिलकडे बोट उचललं. “सगळ्यांनी.”

आधी मागच्या रांगांमधल्या जुन्या मुलींनी उघडले, मग मधल्यांनी, मग पहिल्या रांगेनं. त्यांना मी दिसले, उभी. सगळ्यात शेवटी बिशपांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी उचललेल्या बोटाकडे पाहिलं आणि मग वळून अध्यक्षांकडे पाहिलं. त्याचे डोळे आधीपासूनच उघडे होते.